पाणी चढतंय की उतरतंय? : चेंदणीच्या चालत्या गोष्टीच्या नोंदी

16 नोव्हेंबर 2024, शनिवार

ठाणे पूर्वेच्या वाचनालयात पहिली बैठक झाली. सार्वजनिक ग्रंथालयांना 1967च्या कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. हे ‘ड’ वर्गातलं. एक ग्रंथपाल ताई, एक शिपाई काका, देवघेवीचं एक टेबल आणि रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे आठ-दहा ज्येष्ठ. चेंदणी कोळीवाड्यातल्या महिला मंडळाच्या तिघी आल्या होत्या आणि पालिकेच्या शाळेतल्या एक बाई. बाईंचा जीव फोनात अडकलेला, कारण 20 तारखेच्या मतदानाची ड्युटी लागली आहे.

तिन्ही संस्थांची तक्रार एकच. मुलं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत. मागणीही एकच, “आम्हाला एक अॅप करून द्या.” मी नाही म्हणाले. अशी अॅपं मी आधी करून दिली आहेत. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतात, आणि सहा महिन्यांनी एक दुवा तुटला की संस्थेत तो जोडणारं कुणी नसतं. मग ती गोष्ट तशीच मरते. त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या गोष्टी तिथल्या माणसांनी जीव लावून सांगितलेल्या होत्या. म्हणून या वेळी अट घातली. गोष्ट तुम्ही रचायची, तुम्ही बांधायची, बिघडली तर तुम्हीच नीट करायची. मी शिकवेन.

ताई म्हणाल्या, “आणि नाही जमलं तर?”

म्हटलं, जमेपर्यंत रविवारी येत राहीन.

ठरलं ते असं : फेब्रुवारीअखेर एक चालती गोष्ट. खेळणाऱ्याने कोळीवाड्यातून खाडीच्या घाटापर्यंत जायचं, ठिकठिकाणी थांबायचं, समोर आलेल्या पर्यायातून वाट निवडायची. फळ्यावर कसोटी लिहून ठेवली आणि पुसू नका म्हणून सांगितलं. घरी सोफ्यावर बसून खेळता आली तर गोष्ट नापास.

24 नोव्हेंबर, रविवार

पहिला वर्ग. संगणक उघडलाच नाही. आधी सगळ्यांना गोल बसवून ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळायला लावलं. पन्नाशीच्या बायका आणि सत्तरीचे दोन काका रुमालामागे धावले. मग विचारलं, या खेळात सगळ्यांचा जीव कशात गुंतलेला असतो? मंडळातली एक मावशी लगेच म्हणाली, “पाठीमागं काय पडलंय ते बघावं लागतं ना!” मला हवं होतं ते हेच. आपण बसलो आहोत ती जागाच खेळाचा भाग होते. हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही.

मग ठाण्याचीच गोष्ट सांगितली. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला पोर्तुगीजांनी 1730मध्ये बांधायला घेतला, 1737मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी याच किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी येत नव्हतं. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याची खिदमत करता करता गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यात घोडे कुठे उभे आहेत, माणसं कुठे दबा धरून आहेत, सगळा निरोप असायचा. 12 सप्टेंबर 1816ला त्र्यंबकजी निसटले. कलकत्त्याचा बिशप हेबर 1825मध्ये इकडे आला तेव्हा ही हकीकत त्याच्या कानावर आली, आणि त्याने त्या गाण्याचा आशय इंग्रजी पद्यात लिहून ठेवला.

मला ही हकीकत शिकवायला फार उपयोगी वाटते. गाणं सगळ्यांनी ऐकलं. पहारेकऱ्यांनी रोज ऐकलं. पण अर्थ लागला एकालाच, ज्याला भाषा येत होती आणि जो त्या खिडकीत उभा होता त्यालाच. जागेशी बांधलेली गोष्ट म्हणजे काय, ते याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

गृहपाठ तिथेच करून घेतला. प्रत्येक गटाने दोन ओळींचं गाणं रचायचं. परक्याला साधं गाणं वाटावं, कोळीवाड्यातल्या माणसाला मात्र पत्ता कळावा. मंडळाच्या तिघींनी पाच मिनिटांत दिलं, चालीवर म्हणूनही दाखवलं :

चौथी पायरी ओली गं बाई, चौथी पायरी ओली,
तुळशीमागं निळं दार नि दारामागं खोली.

छान झालं म्हणून वहीत उतरवून घेतलं.

(गोष्ट कारागृहाच्या भिंतीपाशी न्यायची का, यावर थोडी चर्चा झाली. नाही न्यायची. तिथे मुलांनी फोन काढून उभं राहणं बरं नाही. डेंगळ्यांची हकीकत वर्गातच राहील.)

1 डिसेंबर, रविवार

ऐकण्याचा दिवस. सगळे मिळून चेंदणीत फिरलो. कोळीवाड्याचा एक भाग स्टेशनच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. आम्ही पूर्वेच्या. मीठबंदर रोडवर शाळेच्या बाईंनी मुलांना विचारलं, या रस्त्याला मीठबंदर का म्हणतात? आठ मुलांपैकी एकालाही आजवर तो प्रश्न पडला नव्हता. नावातच मीठ आहे, नावातच बंदर आहे, आणि मुलं रोज तिथून शाळेत जातात.

घाटावर एक आजी भेटली. मंडळातल्या मावशीची सासू. मी वहीत भरती-ओहोटीचं छापील कोष्टक चिकटवून नेलं होतं. आजीने ते हाताने बाजूला सारलं. “कागदाव नको बगू बाय, पान्याव बग.” मग तिने तिचा हिशोब सांगितला. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल त्या वाजता भरती. म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा तिरकं पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. आज अमावास्याच होती. साडेअकराला आम्ही घाटावर उभे होतो आणि पाणी तुडुंब होतं. उधाणाचं पाणी. अष्टमीच्या आसपास ते एवढं चढत नाही, त्याला भांगाचं पाणी म्हणतात. ठाणं खाडीच्या टोकाला असल्यामुळे इथे पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं मागून चढतं, तेवढं धरून चालायचं.

शाळेच्या बाईंनी तिथेच मुलांना पाऊणपटीचे पाढे म्हणायला लावले. पाऊणकीचा पाढा शाळेतून कधीच हद्दपार झाला, पण आज घाटावर पाच मिनिटं तो जिवंत होता.

5 डिसेंबर, गुरुवार

मधल्या वारी एक जादा तास ठेवला होता. कुणी आलं नाही. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घराघरात घट मांडलेले. तारीख ठरवताना कॅलेंडर बघायला हवं होतं, तेही तिथीचा हिशोब शिकून चारच दिवस झालेले असताना. पुढचे तीन गुरुवार सोडून दिले.

8 डिसेंबर, रविवार

कागदी गोष्ट. वाचनालयाच्या फरशीवर तेवीस कार्डं मांडली, एका कार्डावरून दुसऱ्याकडे सुतळी. जिथे वाट फुटते तिथे दोन सुतळ्या. ‘आठवण’ कशी ठेवायची ते शिकवायला चिंचोके वाटले. खेळणाऱ्याने वाटेत कोळणीला मदत केली तर चिंचोका खिशात टाकायचा. शेवटच्या कार्डावर खिसा तपासायचा, चिंचोका असेल तर एक शेवट, नसेल तर दुसरा. दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. हीच गोष्ट संगणकावर ‘व्हेरिएबल’ म्हणून शिकवायला मला पूर्वी अख्खी दुपार लागायची.

पण गोष्ट नापास झाली. एका राजाचा खजिना, एक शाप, तीन चाव्या. चेंदणीच्या जागी डोंबिवली लिहा, काही बिघडत नव्हतं. मी ते बोलून दाखवल्यावर खोलीत शांतता. ताईंचा चेहरा पडला, त्यांनी रात्री जागून कार्डं लिहिली होती. मला वाईट वाटलं, पण इथे गोड बोलून पुढे जाणं म्हणजे पुन्हा नारळ फोडून घरी जाणं.

मग सगळ्यांना तसंच उठवून घाटावर नेलं. सकाळचे आठ. आज सप्तमी, सात तिरकं एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे पहाटे भरती होऊन गेलेली. मी विचारलं, पाणी चढतंय की उतरतंय? फोन बघायचा नाही, हिशोब करायचा नाही. मुलं बघत राहिली. खाडीचं पाणी तसं बघून काही कळत नाही, मचूळ रंगाचं, जागच्या जागी हलल्यासारखं. तेव्हा मावशी पुढे झाली आणि पायाने दाखवलं. पाण्याच्या लगेच वरची पायरी ओली, तिच्यावरची ओली, त्याच्याही वरची ओलसर. “उतरतंय. चढत असतं तर वरची कोरडी असती.”

आणि मला दोन आठवड्यांपूर्वीचं गाणं आठवलं. चौथी पायरी ओली गं बाई. त्या तिघींनी नुसता पत्ता दिला नव्हता, वेळ दिली होती. ओहोटी लागल्यावर ये, असं त्या गाण्यात होतं. मी छान म्हणून वहीत लिहून घेतलं, आणि त्या गोऱ्या पहारेकऱ्यांसारखाच अर्थ माझ्या कानावरून गेला.

मावशीला विचारलं तर ती सहज म्हणाली, “मग? पाणी भरल्यावर कोन येतंय घाटाव?”

आजपासून गोष्टीचा कणा हाच. खेळणारा पर्याय मनाने निवडणार नाही, डोळ्यांनी निवडेल. कार्डावर ‘तुला कुठे जायला आवडेल?’ असं विचारायचं नाही. ‘वरची पायरी ओली आहे का?’ असं विचारायचं, आणि उत्तर खाडी देईल.

खजिन्याची तेवीस कार्डं ताईंनी स्वतः गोळा करून रद्दीत टाकली.

15 डिसेंबर, रविवार

तोच घाट, तीच वेळ, सकाळचे आठ. आज पौर्णिमा. सव्वाअकराची भरती, म्हणजे आत्ता पाणी चढतं. मुलांना काही न सांगता पायरी बघायला लावलं. वरची पायरी कोरडी! मागच्या रविवारी ज्या चिखलावर निवटे (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारत होते, तो निम्मा पाण्याखाली. एक मुलगा म्हणाला, “टीचर, गोष्ट बदलली.” अजून आम्ही गोष्ट लिहिलीही नव्हती.

नवी मांडणी आजच झाली. आजीचा पाग हरवलाय. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. तो शोधत मुलगी निघते. उतरत्या पाण्यात चिखलाची वाट उघडते, तिथे निवटा बोलतो, चिंबोरी बोलते. चढत्या पाण्यात होडीची वाट उघडते, तिथे तिवराचं झाड बोलतं. चिखलात प्रत्यक्ष कुणी उतरायचं नाही, घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरूनच बघायचं, हे पहिल्याच कार्डावर ठळक. सोबत एक मोठं माणूस असल्याशिवाय पुढचं कार्ड उघडायचं नाही, हेही.

निवट्याचे संवाद शिपाई काकांनी लिहिले. ते अठरा वर्षं इथे आहेत आणि गोष्टी लिहितात, हे ताईंनाही आज कळलं.

21 डिसेंबर, शनिवार

आता संगणक. ट्वाइन हे मोफत साधन. ख्रिस क्लिमास याने 2009मध्ये आणलं. ब्राउझरमध्ये चालतं, प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. पडद्यावर चौकोन दिसतात आणि त्यांना जोडणारे बाण, अगदी आमच्या फरशीवरच्या कार्डांसारखे. पुढची वाट द्यायची तर शब्दाभोवती दोन-दोन चौकटी कंस घालायचे :

[[पायरी ओली आहे->चिखलाची वाट]]
[[पायरी कोरडी आहे->होडीची वाट]]

बाणाच्या आधी खेळणाऱ्याला दिसणारे शब्द, बाणानंतर चौकोनाचं नाव. बस्स. ताईंनी पहिली ओळ टाइप केली, दुसरा चौकोन आपोआप उगवला, तेव्हा त्या खुर्चीतच मागे सरकल्या आणि हसल्या.

अडचण आली ती शुद्धलेखनाची. ‘चिखलाची वाट’ एकीकडे दीर्घ ‘ची’, दुसरीकडे घाईत ऱ्हस्व ‘चि’. ट्वाइनला ही दोन वेगळी नावं वाटतात. तो तक्रार करत नाही, गुपचूप एक नवा रिकामा चौकोन काढून देतो. खेळणारा तिथे पोचला की पुढे काहीच नाही. दुपारभरात असे सात रिकामे चौकोन निघाले. पण ग्रंथपालाची नजर या कामाला तयार असते. वर्षानुवर्षं तालिकापत्रावर, म्हणजे पुस्तकांच्या यादीच्या कार्डावर, लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहायची सवय. ताईंनी लगेच एक वही घातली, चौकोनांच्या नावांची, अकारविल्हे. आता नवीन नाव वहीत आल्याशिवाय संगणकात जात नाही.

29 डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. गोष्ट गेली. सगळी.

ब्राउझरमधलं ट्वाइन गोष्टी त्या ब्राउझरच्याच साठवणीत ठेवतं, इंटरनेटवर कुठे ठेवत नाही. वाचनालयाचा संगणक हळू चालतो म्हणून कुणीतरी भल्या मनाने ‘साफसफाई’ केली, हिस्टरी वगैरे पुसली, त्यात एकोणतीस चौकोन पुसले गेले. चूक माझी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. उठताना ‘अर्काइव्ह’ करायचं, ती फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह कपाटात. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं.

वाचवलं ते ताईंच्या वहीने आणि नव्या मांडणीच्या कागदी कार्डांनी. कार्डं शाळेच्या बाईंनी दप्तरात जपून ठेवली होती. चार तासांत ताई आणि काकांनी निम्मी गोष्ट पुन्हा उभी केली. मी फक्त बाजूला बसले. दोनदा हात पुढे गेला, मागे घेतला.

आता भिंतीवर चिठ्ठी : ‘उठण्यापूर्वी जतन.’

11 जानेवारी 2025, शनिवार

क्यूआर. हे कोड 1994मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला निघाले, आणि आज आपल्याकडे भाजीच्या गाडीवर लटकतात. त्यामुळे स्कॅन कसं करायचं हे कोळीवाड्यात कुणाला शिकवावं लागलं नाही. आजीनेही नातवाच्या फोनवर करून दाखवलं, फक्त आधी विचारलं, “पैसे कापतील काय?” प्रश्न रास्त होता. आता प्रत्येक फलकावर मोठ्या अक्षरात लिहायचं : ‘ही गोष्ट आहे. पैसे लागत नाहीत.’

दोन गोष्टी शिकलो. पहिली, फाइलचं नाव आम्ही हौसेने ‘कोळीवाडा’ ठेवलं होतं. दिसायला आठ खुणा. पण वेबच्या पत्त्यात देवनागरीची एकेक खूण नऊ-नऊ अक्षरांची होऊन बसते, म्हणजे एवढ्या एका शब्दाची बहात्तर अक्षरं. पत्ता लांबला की कोडातले ठिपके बारीक होतात, आणि काकांच्या जुन्या फोनला ते वाचता येईनात. नाव बदलून नुसता एक आकडा ठेवला. ठिपके मोठे झाले, फोनने पटकन उचललं. मराठी आत गोष्टीत भरपूर आहे, पत्त्यात नसली तरी चालेल.

दुसरी, कोड फुकट काढून देणाऱ्या काही साइट ‘नंतर बदलता येणारा’ कोड देतात. तो मधे त्यांच्या पत्त्यावरून फिरून जातो, आणि मुदत संपली की बंद. मागच्या एका कामात मी हे भोगलं आहे, चौदा फलक रातोरात मुके झाले होते. इथे थेट पत्त्याचाच कोड. खातं वाचनालयाच्या ईमेलवर, पासवर्ड लखोट्यात, लखोटा कपाटात दाखल नोंदवहीच्या शेजारी.

फलकांना चकचकीत लॅमिनेशन करू नये. उन्हात आरशासारखं चमकतं आणि कॅमेरा आंधळा होतो. पुन्हा छापले, मॅट.

सहा जागा ठरल्या. प्रत्येक ठिकाणी घरमालकाची, दुकानदाराची परवानगी, तीही तोंडी नव्हे, लेखी. निळ्या दाराच्या मालकीणबाई म्हणाल्या, “गाण्यात आलंय म्हणता माझं दार? लावा की.”

19 जानेवारी, रविवार

आवाज घेतले. कॅनडात टोरांटोला 2003मध्ये ‘मर्मर’ नावाचा प्रकल्प झाला. रस्त्यावर हिरव्या कानाच्या आकाराच्या पाट्या, त्यावर फोन नंबर. फोन लावला की त्याच कोपऱ्याची गोष्ट तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकू यायची. मला त्यातलं एक फार पटतं. नट आणून बोलवून घ्यायचं नाही. बोलणारा अडखळला तरी चालेल.

आजीचा आवाज वाचनालयाच्या मागच्या खोलीत घेतला, पंखा बंद करून. लोकलचा भोंगा मधेच आला, तो तसाच ठेवला.

प्रत्येकाकडून संमती घेतली, आणि संमती परत घेता येते हेही वाचून दाखवलं. एका मावशीने संध्याकाळी फोन केला. दर्याला गेलेल्या भावाची आठवण तिने सांगितली होती. ती नको, म्हणाली. ऐकताना आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, गोष्टीत ती फार मोलाची झाली असती. काढली. ताईंनी फाइल तिच्या समोर पुसली.

9 फेब्रुवारी, रविवार

आज वाद झाला, आणि चांगला झाला. गोष्टीत एक टप्पा आगगाडीचा आहे. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही 3 इंजिनं. पुढच्या वर्षी, 1 मे 1854ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. वाचनालयात येणारे एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना हे सगळं तोंडपाठ. महिला मंडळाला मात्र पणजीकडून आलेली गोष्ट हवी होती, की गाडी बघून बायका माश्यांच्या पाट्या टाकून पळाल्या आणि इंजिनाला नारळ वाहिला. काका म्हणाले, पुरावा काय? मावशी म्हणाली, तुमच्या चारशे पाहुण्यांत आमची पणजी होती का?

दोघांचंही खरं होतं. शेवटी कार्डांना दोन शिक्के केले : ‘कागदोपत्री’ आणि ‘कर्णोपकर्णी’. पहिल्या प्रकारचं वाक्य असेल तर काकांनी पुस्तकातून ताडून बघायचं. दुसऱ्या प्रकारचं असेल तर कुणाकडून आलं ते विचारायचं, आणि गोष्टीत ‘पणजी सांगायची’ असंच म्हणायचं. शिक्का खेळणाऱ्यालाही दिसतो. मुलांना हा शिक्क्यांचा खेळ इतका आवडला की ती वर्गात एकमेकांच्या बोलण्यावर शिक्के मारतात, असं बाई सांगत होत्या.

तालुक्याच्या गावची दोन वाचनालयं विचारतायत, आम्हालाही शिकवाल का. मी म्हटलं, मी नाही, ताई शिकवतील. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

23 फेब्रुवारी, रविवार

लोकांसाठी पहिला दिवस. सकाळी आठला वाचनालयातून पाच-पाच जणांचे गट सुटले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कार्डांची पेटी आहे, चिंचोक्यांसकट, देवघेवीतून पुस्तकासारखी नेता येते.

आज दशमी, वद्यातली. दहा तिरकं तीस, भागिले चार, साडेसात. आम्ही कुणी तो हिशोब आधी केला नव्हता. साडेआठच्या सुमाराला पहिला गट घाटावर पोचला आणि अडकला. पायरी ओली का कोरडी? एक मुलगी म्हणे ओली, दुसरी म्हणे नाही, ते नुसते शिंतोडे. त्यांनी पायरीवर खडूने रेघ मारली आणि बघत बसल्या. पाणी रेघेपाशी आलं, तिथेच राहिलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. चढेना, उतरेना.

आमच्या गोष्टीत दोनच वाटा होत्या. खाडीने तिसरी काढली.

मी बघत होते, काय करतील. मावशी मुलींच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, “पाणी थांबलंय. भरती संपली, वहटी अजून लागायचीय. आता कुनीच काय करत नाय. होडीवाला पन बसतो नि पाग टाकनारा पन.” मग तिने त्यांना गाणं म्हणून दाखवलं. पूर्ण, आठ कडवी. बाकीची सात आम्ही कुणी ऐकलीच नव्हती. तेवढ्यात पाणी रेघेखाली सरकलं आणि मुली चिखलाच्या वाटेने पुढे गेल्या.

दुपारी सगळे वाचनालयात परतले तेव्हा ताई संगणकावर बसलेल्या. चौकोनांच्या वहीत नवीन नाव आलं होतं, ‘थांबलेलं पाणी’. पडद्यावर तिसरी ओळ :

[[कळत नाही->थांबलेलं पाणी]]

कंस बरोबर, बाण बरोबर, नाव वहीबरहुकूम. उठण्यापूर्वी जतन केलं. मला कुणी काही विचारलं नाही.

16 एप्रिल, बुधवार

ताईंचा फोन, दुसऱ्याच कामासाठी. एका वाचनालयाच्या मंडळींना येत्या रविवारी घाटावर नेतायत, कार्डांचे दोन जादा संच छापून हवेत, कुठे स्वस्त पडेल. बोलता बोलता सांगितलं की पाडव्याला निळ्या दाराच्या मालकीणबाईंनी रंगकाम काढलं आणि दार हिरवं झालं. दोन दिवस मुलं निळं दार शोधत आळीतून हेलपाटे घालत होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मंडळातल्यांना बोलावलं. निळंच्या जागी हिरवं बसतं म्हणाल्या, चाल मोडत नाही. परत म्हणून घेतलं, जुना आवाज काढला, नवा चढवला. कार्ड क्रमांक चार हाताने खोडून लिहिलं.”

संध्याकाळी वाचनालयात गेले तेव्हा पेटी देवघेवीच्या टेबलावर नव्हती, कुणीतरी घरी नेली होती. ताईंनी दाखल नोंदवही उघडून दाखवली. कादंबऱ्या, चरित्रं आणि पाककृतींच्या पुस्तकांच्या रांगेत पेटीला रीतसर दाखल क्रमांक पडला आहे. लेखकाच्या रकान्यात ‘चेंदणी कोळीवाडा’. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात : दुरुस्ती, दार हिरवं.